लेंड्यांवरून कळतं गाभण कोण

हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात गर्दी होते ती वाघ-सिंहांपुढे. पिसोरी हरणांचे वाडे प्रेक्षकांच्या वाटेपासून लांब आहेत, आणि ते तसेच हवेत. जेमतेम तीन किलोचा हा जीव अतिशय बुजरा. अंगावर पांढरे ठिपके, शिंगं नाहीतच, नराला मात्र बारीक सुळे. आपल्या सह्याद्रीतही पिसोरी आहे. पण ती रात्रीची हिंडते, त्यामुळे रानाच्या कडेला जन्म काढलेल्यांनाही क्वचितच दिसते.

या वाड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम वाकून करावं लागतं. सकाळी प्राणिरक्षक ओलसर पाचोळा बोटांनी बाजूला सारतो आणि बारीक, काळसर लेंड्या वेचतो. ताज्या, चकाकी असलेल्या तेवढ्याच. वाळलेल्या तिथेच राहतात, कारण उन्हात पडलेल्या लेंडीतले संप्रेरकांचे अंश बदलून जातात. पाचोळ्याचा कुबट आणि लेंड्यांचा उग्र वास हाताला चिकटतो. कोणत्या मादीच्या लेंड्या, हे पिशवीवर नीट लिहावं लागतं. तिथे गफलत झाली तर पुढचं सगळं वाया.

पुढचं काम सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या ‘लॅकोन्स’ या प्रयोगशाळेत होतं. लेंड्या गोठवून वाळवायच्या, पूड करायची, अर्क काढायचा आणि त्यातली संप्रेरकं मोजायची. त्यांवरून कोणती मादी गाभण, ते कळतं.

रक्त का घेत नाहीत? कारण त्यासाठी हरीण धरावं लागेल. धरलं की ते बिथरणार, ताणाची संप्रेरकं वाढणार आणि मोजमापच खोटं ठरणार. धडपडीत पाय मोडायची भीती वेगळीच. लेंडी वेचल्याने हरणाला काहीच सोसावं लागत नाही.

या कामातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. पिसोरीची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. तेव्हा नर जवळ नसेल तर ती वेळ हुकते. बाळंतिणीची काळजी म्हणून नराला दूर ठेवावं असं कुणालाही वाटेल. इथे तीच काळजी आड आली असती.

2010 मध्ये पिसोरींची पैदास करण्याचा हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा हरणं होती सहा. सहाच! नंतर ती संख्या दोनशेच्या पुढे गेली. पण मूळ सहा म्हणजे जवळच्या नात्यात जोड्या लागण्याचा धोका आलाच. म्हणून कोण कुणाचं पाडस, याची नोंद ठेवणं हे खाऊ घालण्याइतकंच निकडीचं. 2017 पासून यातली काही हरणं तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्रप्रकल्पात सोडली गेली. वाड्यातलं पाडस रानात पोचलं, हे या कामाचं खरं यश.

विष्ठेतून ताणही मोजता येतो. भारतीय प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-बिबट्यांवरचा असा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच जागी येरझारा घालणं आणि शरीरातला ताण यांचा वाघांमध्ये संबंध दिसला. पाणी, झाडं, मोकळी जागा यांचा फरक पडतोच. प्राणिरक्षक जनावराशी कसा वागतो, यानेही पडतो. लेंड्या वेचणाऱ्या माणसाचा पगार आणि प्रशिक्षण हा त्यामुळे प्राणिकल्याणाचाच प्रश्न आहे. नवे काचेचे कक्ष बांधताना तो बहुतेक मागेच पडतो.

कात्रजच्या किंवा राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात पुढच्या वेळी जाल, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना एवढं जरूर विचारा : इथे सध्या कोणत्या प्राण्यावर संशोधन चालू आहे, आणि त्यातून रानातल्या किती प्राण्यांचं भलं झालं?