भिंती नसलेला गड

दूरच्या ग्रहावरचा एक मठ, तोच किल्ला आणि आत शस्त्रधारी संन्यासी. विज्ञानकथांत ही कल्पना वारंवार भेटते. अशी व्यवस्था खरोखर कशी चालते, ते समजून घ्यायला दिंडोरीकरांना लांब जावं लागत नाही. किल्ला तर तालुक्यातच आहे, १६८२ पासून मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा रामशेज. आणि लढवय्या संन्याशांचे आखाडे दर बारा वर्षांनी सिंहस्थाला शेजारीच येतात. वैष्णवांचे तीन नाशिकला रामकुंडावर, शैव, उदासीन आणि निर्मल मिळून दहा त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर.

रामशेजची ताकद कड्यात होती, आखाड्याची त्याच्या रचनेत. तिची सुरुवात दीक्षेपासून होते. मुंडन, विरजा होम आणि जिवंतपणीच स्वतःचं पिंडदान. घर, कूळ, वारसा तिथंच सुटतो. या विधीचा व्यावहारिक परिणाम फार मोठा आहे. संन्याशाला मुलं नाहीत, म्हणून भाऊबंदकी नाही. गुरूची गादी चेल्याकडे जाते आणि मालमत्तेच्या वाटण्या होत नाहीत. अठराव्या शतकातले गोसावी मोठे सावकार आणि व्यापारी झाले, याचं मूळ मला यातच दिसतं. यात्रेच्या वाटेनं मालही फिरे, मालाला राखण लागे आणि ती राखण करायला नागा साधू असत. मठ, पेढी आणि फौज अशी एकमेकांत गुंतली.

या फौजा राजेरजवाड्यांच्या चाकरीतही गेल्या. पानिपतावर १७६१ मध्ये अनुपगिरी गोसाव्याचं पथक शुजाउद्दौल्याकडून, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभं होतं. पुढं हाच अनुपगिरी महादजी शिंद्यांसोबत दिसतो. कंपनी सरकारनं १७७३ मध्ये बंगालमध्ये सशस्त्र संन्याशांच्या टोळ्यांना बंदी केली. पुढं इंग्रजी अंमल पसरत गेला आणि शस्त्रं मिरवणुकीपुरती उरली.

कारभार मात्र टिकला. निर्णय पंचांचा. ठाणापती एका ठिकाणचा मठ आणि जमीन सांभाळतो, कोठारी शिधा-भांडार पाहतो, कोतवाल शिस्त राखतो. महामंडलेश्वराला मान मोठा, पण तो मुख्यतः विद्वत्तेचा; रोजच्या कारभाराची सूत्रं पंच आणि श्रीमहंतांच्या हाती.

सिंहस्थात हे सगळं उघड्या मैदानावर मांडलं जातं. छावणीत मधोमध धर्मध्वजा, तिच्यापाशी इष्टदेव. जुना आखाड्याचे दत्तात्रेय, निरंजनीचे कार्तिकेय, महानिर्वाणीचे कपिल मुनी. आखाड्याचे भाले निव्वळ हत्यारं नव्हेत, त्यांची पूजा होते आणि शाही स्नानात आधी त्यांना स्नान घडतं. कोण कुणाच्या आधी उतरणार हा क्रम काटेकोर पाळतात, कारण याच मानावरून पेशवाईत इथं शैव-वैष्णवांत रक्तपात झाला होता. दोघांची स्नानं वेगवेगळ्या ठिकाणी होतात, त्यामागं तोच तंटा आहे.

पुढचं शाही स्नान २०२७ मध्ये आहे. गर्दी नागा साधूंचे फोटो काढण्यात गुंतलेली असेल. तुम्ही छावणीत जाल तेव्हा कोठारापाशी थोडा वेळ थांबा आणि कोतवालाचं काम बघा.