पांढरा हत्ती : एका वाक्प्रचाराचा प्रवास

तोट्यात चाललेल्या सरकारी प्रकल्पाला आपण सहज ‘पांढरा हत्ती’ म्हणतो. हा वाक्प्रचार मराठीत इंग्रजीतून आला. उपयोग थोडा, खर्च अफाट आणि टाकूनही देता येत नाही अशी वस्तू, हा त्याचा अर्थ.

त्याच्या उगमाविषयी सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, एक कथा हमखास सांगितली जाते. ज्या सरदारावर राजाची खप्पा मर्जी होई, त्याला तो पांढरा हत्ती भेट देई. हत्ती पवित्र, त्याला कामास जुंपणे निषिद्ध. त्याला पोसता पोसता सरदार कंगाल होई. कथा चटकदार आहे, परंतु तिला इतिहासाचा आधार नाही. उलट, असा हत्ती हे राजवैभवाचे लक्षण मानले जाई व तो राजाकडेच राही. ब्रह्मदेशाचा राजा बयिन्नौंग याने अयुथयाच्या राजाकडे दोन पांढरे हत्ती मागितले आणि नकार मिळताच १५६३-६४ मध्ये युद्ध झाले. ज्यासाठी राजे लढले, ते ओझे कसे?

ओझ्याचा अर्थ रूढ झाला तो इंग्रजीत. आपल्याकडे समुद्रमंथनातून निघालेला ऐरावतही शुभ्रच. तो इंद्राचे वाहन. त्यामुळे मराठीत आज दोन्ही हत्ती नांदतात : ‘ऐरावत’ म्हटले की ऐश्वर्य आठवते, ‘पांढरा हत्ती’ म्हटले की तोट्याचा ताळेबंद.