बोरी बुद्रुक

बोरी बुद्रुक : पुराश्मयुगीन अवशेष व ज्वालामुखी राखेचा थर यांसाठी प्रसिद्ध असलेले महाराष्ट्रातील एक स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी आहे. कुकडी सह्याद्रीत नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते व पूर्वेकडे वाहत जाऊन घोड नदीस मिळते; आंबेगाव तालुक्यातून येणारी घोड पुढे भीमेस मिळते. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांकडून येणारा व्यापारी मार्ग नाणेघाट चढून याच खोऱ्याने जुन्नरला पोहोचत असे. बोरीच्या काठावर मात्र त्याहून कितीतरी प्राचीन असा मानवी वस्तीचा पुरावा उघडा पडला आहे.

येथील तळखडक दक्षिणेतील इतर भागांप्रमाणेच बेसाल्टचा असून तो सु. ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. त्यावर नदीने आणलेले गोटे, वाळू व गाळ यांचे थर साचले आहेत. या थरांमध्ये पांढुरक्या करड्या रंगाची, अतिशय बारीक राख आढळते. ती सूक्ष्म काचकणांची असून तिच्यात सिलिकेचे प्रमाण बेसाल्टपेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्यामुळे ती स्थानिक खडकापासून झालेली नाही, हे स्पष्ट होते. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकात वर उडालेली ही राख वाऱ्याबरोबर तीन हजार किमी.हून अधिक अंतर पार करून येथे पडली, असे तिच्या रासायनिक घटनेवरून ठरविण्यात आले. कऱ्हा नदीकाठी मोरगाव येथेही अशी राख आढळली आहे.

१९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी येथे अभ्यास व उत्खनन केले. राखेशी निगडित गोट्यांच्या थरांतून अश्यूलियन परंपरेची दगडी हत्यारे मिळाली. त्यांत हातकुऱ्हाडी, फरशीसारखी रुंद धारेची हत्यारे व छिलके यांचा समावेश आहे. दक्षिणेतील नदीगाळात वयोनिर्णयास उपयुक्त असे द्रव्य क्वचितच सापडते. राखेचे वय काढता आले, तर तिच्या खालच्या व वरच्या थरांच्या काळाला मर्यादा पडते. म्हणून बोरीचे महत्त्व विशेष आहे.

या राखेच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. १९८९ मध्ये पोटॅशियम–अर्गॉन पद्धतीने ते सु. १४ लक्ष वर्षे, तर १९९५ मध्ये अर्गॉन–अर्गॉन पद्धतीने सु. ६ लक्ष ७० हजार वर्षे काढण्यात आले. याउलट, काचकणांच्या रासायनिक साम्यावरून काही संशोधक ही राख तोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सु. ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची मानतात. मतभेदाचे एक कारण असे, की पडलेली राख पावसाच्या पाण्याने वाहून येऊन नदीपात्रात पुन्हा साचते. त्या वेळी तिच्यात जुन्या खडकाचे कण मिसळले, तर काढलेले वय वास्तवापेक्षा अधिक येते. शिवाय तोबाच्या निरनिराळ्या उद्रेकांतील राखांचे रासायनिक घटक बरेचसे सारखे आहेत. राख अलीकडची ठरल्यास, ही हत्यारे त्या काळापर्यंत वापरात होती की जुन्या थरांतून वाहून आली, हा प्रश्न उरतो. ती प्राचीन ठरल्यास कुकडी खोऱ्यातील मानवी वस्ती कित्येक लक्ष वर्षे मागे जाते. भारतातील अश्यूलियन परंपरेचे प्राचीनत्व केवळ बोरीवर अवलंबून नाही. तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथील हत्यारे सु. १५ लक्ष वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

भूविज्ञान व पुरातत्त्वविद्या यांच्या विद्यार्थ्यांना आणि सामान्य प्रेक्षकाला नदीचा उघडा काठ हेच येथील अभ्यासकेंद्र होय. तळखडक, गोटे, राख व गाळ यांचा क्रम डोळ्यांनी पाहता येतो. संग्रहालयात ठेवलेल्या हत्यारावरून तो कळत नाही. हत्यार कोणत्या थरात, राखेच्या खाली की वर, सापडले याची नोंद नसेल, तर कालनिर्णयाच्या दृष्टीने त्याचे मोल फारच थोडे उरते. मऊ राखेचे थर पुराने झिजतात. जमिनीचे सपाटीकरण व वाळू-मातीचा उपसा यांमुळे ते कायमचे नष्ट होऊ शकतात. वयाचा प्रश्न पुढे सुटायचा असल्यास नव्या पद्धतींनी तपासण्यासाठी काठाचा अस्पर्श भाग शिल्लक राहणे आवश्यक आहे. म्हणून येथील हत्यारे वा राख उचलून न नेता थरांचे जागीच निरीक्षण करणे इष्ट ठरते.