'रूळ अरुंद झालेत रे!'

डोंबिवली स्टेशन, सकाळची वेळ. माझा मित्र प्लॅटफॉर्मच्या पार टोकाच्या बाकावर डोळे मिटून बसलेला. लोकल सुटल्याचा आवाज आला आणि हा म्हणाला, "सीमेन्स." पुढची सुटली. "बंबार्डिअर." डोळे न उघडता! मोटरचा सूर कसा चढतो त्यावरून कळतं म्हणे. मला एवढंच कळलं होतं, की दोन्हींत पाय ठेवायला जागा नव्हती.

अशांना रेलफॅन म्हणतात. आपल्याकडे ते कमी नाहीत. दरवर्षी १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस पुणे स्टेशनवर केक कापून होतो, तिथे बघा. पण मित्राचं प्रकरण जरा पुढचं आहे. शाळेच्या सहलीत त्याने कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं, आणि तेव्हापासून त्याला स्वतःची गाडी हवी होती. कुठली, हेही ठरलेलं. पिवळी-चॉकलेटी डीसी लोकल.

कारण घरातच आहे. त्याचे आजोबा मोटरमन होते. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. आजोबांची सगळी नोकरी त्याच डीसीवर गेली. मग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकलही बंद झाली. मोटरमनच्या हाताखाली 'डेड मॅन्स हँडल' असतं. ते गाडी चालू असताना दाबून धरायचं, हात सुटला की ब्रेक लागतो. आजोबा अजूनही टीव्ही बघताना खुर्चीचा हात दाबून धरतात. आजी म्हणते, "सोडा आता, कल्याण गेलं."

तर हा इंजिनीअरिंगचा अभ्यास बाजूला सारून कामाला लागला. स्केल १:८७, म्हणजे मॉडेलवाल्यांच्या भाषेत एचओ. खरा डबा ३.६६ मीटर रुंद, तो इथे ४२ मिलिमीटर. नऊ डब्यांना दोन मीटरच्या वर जागा लागते. वन बीएचकेत ती कुठून आणणार? म्हणून तीन डब्यांचं एकच युनिट. सहा महिने कार्डशीट कापणं, खिडक्यांच्या जाळ्या चिकटवणं, रंग. रूळ मात्र तयार आणले.

गाडी टेबलावर मांडली आणि आजोबांना बोलावलं. आजोबांना काचबिंदू आहे, आता नुसतं धूसर दिसतं. त्यांनी डब्यावरून बोट फिरवलं, दारं मोजली, हसले. मग बोट खाली गेलं. डब्याच्या कडेवरून रुळापर्यंत आणि परत. "अरे, रूळ अरुंद झालेत रे. ही गाडी पडेल."

आणि ते बरोबर होतं! बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. जगात बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला ८७ ने भागलं की तेवढंच येतं. आपला ब्रॉडगेज आहे १६७६. त्याला ८७ ने भागा, १९.२६ येतात. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. डोळ्याला फारसा कळत नाही. बोटाला कळला.

गंमत म्हणजे मुंबईची मेट्रो स्टँडर्ड गेजवर आहे. तिचं मॉडेल या तयार रुळावर अगदी फिट बसलं असतं. मी तसं सुचवलंही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी चहा मागवला. (मेट्रो त्याला आवडते बरं का. नवी लाइन सुरू झाली की पहिल्याच दिवशी जाऊन येतो. पण आजोबांनी मेट्रो चालवली नाही ना!)

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. इंग्लंडमध्ये १:७६ स्केलची मॉडेल्स याच १६.५ च्या रुळावर चालतात, खरं तर तिथे १८.८३ हवेत. त्यावरून तिथले शौकीन कित्येक वर्षं भांडतायत. ज्यांना बिनचूकच हवं, ते रूळ हाताने बांधतात.

आता हाही तेच करतोय. आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर, वर एकेक रूळ, मध्ये पत्र्याचा कापलेला तुकडा, बरोब्बर १९.२६ चा. चाकं काढून लांब एक्सलवर बसवायचीत. पहिली दोन्ही वाकडी बसली, तिसरी फिरते. घरचे विचारतात, परीक्षा कधी आहे? आहे पुढच्या महिन्यात. पण डॉक्टरांनी आजोबांच्या उजव्या डोळ्याचं फार काही आशादायक सांगितलेलं नाही, आणि ते याने मला एकदाच, जाता जाता सांगितलं.

परवा गेले तेव्हा हातभर रूळ झाला होता. आजोबा खुर्ची ओढून टेबलाशी बसले होते. प्रत्येक स्लीपर चिकटला की त्यांचं बोट दोन रुळांमधून फिरायचं. एका ठिकाणी थांबलं.

"इथे परत लाव."

त्याने काडी उपटली.