झेंडा एक, मग भांडण कशाचं?

रोह्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "दादा, गे, लेस्बियन, ट्रान्स सगळे एकाच झेंड्याखाली ना? मग भांडतात का?"

चला, मुंबईपासून बघू. १९९४ला गे पुरुषांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट सुरू झाली. १९९५ला बायकांचा 'स्त्री संगम' आला, तोच पुढे 'लेबिया' झाला. निधी यायचा मुख्यतः एचआयव्ही रोखायला. त्या यादीत गे पुरुष होते, पुढे हिजडा समाजही आला. लेस्बियन नव्हत्या. जन्मदाखल्यावर मुलगी, पण स्वतःला पुरुष मानणारे ट्रान्स पुरुषही नव्हते.

ब्रिटनमध्ये काही लेस्बियन स्त्रीवादी ट्रान्स स्त्रियांना स्त्री मानायलाच तयार नाहीत. आपल्याकडे उलट झालं. लेबियाने ट्रान्स लोकांनाही सोबत घेतलं. २०१३च्या त्यांच्या अभ्यासात जन्मदाखल्यावर मुलगी असलेल्या ५० जणांच्या कहाण्या आहेत. त्यातले कित्येक स्वतःला बाई म्हणवत नाहीत.

२०१८ला कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. जल्लोष झाला. २०१९ला ट्रान्सजेंडर कायदा आला आणि ट्रान्स लोकच रस्त्यावर उतरले. का? ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. म्हणजे पेणचा मुलगा 'मी कोण' हे अलिबागच्या सहीने ठरवणार! शिवाय ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर कमाल शिक्षा २ वर्षं. बाईवर बलात्कार केला तर किमान १०.

आमच्या भाषेत सांगतो, एक बग फिक्स झाला म्हणून अख्खं अॅप चालत नाही. भांडण त्याचंच आहे: आधी कोणाचा बग?