भिंतीला खिळा नको, माशांना उजेड हवा

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हिंडलगा लागते. शेतीवाडीचे आणि कौलारू घरांचे हे गाव आता शहराला जवळजवळ येऊन मिळाले आहे. जुन्या घरांच्या शेजारी स्लॅबची घरे उभी राहिली आणि नोकरी-बदलीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे तिथे भाड्याने राहू लागली. अशा घरात बिऱ्हाड मांडताना घरमालक एक अट हमखास घालतात, "भिंतीला खिळे मारायचे नाहीत हं!" भाडेकरूही हो म्हणतो. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकते, घड्याळ कपाटावर बसते आणि संसार सुरू होतो.

पंचाईत होते ती मुलांच्या हट्टापायी घरात फिशटँक आल्यावर. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथे काचेपलीकडचे मासे पाहून आलेल्या कितीतरी मुलांनी घरी येऊन हाच हट्ट धरला असेल. टाकी आली, गप्पी-मॉली आले, हिरव्या वनस्पती लावल्या. आता वर दिवा हवा. पूर्वी टाकीवर लाकडी झाकण असे आणि त्यात ट्यूब व तिचा जड चोक बसवलेला असे. आताचे एलईडी दिवे हलके असतात आणि तारेने वरून टांगता येतात. टांगलेल्या दिव्याने टाकी वरून मोकळी राहते, साफसफाईला हात सहज जातो, आणि दिवा वर-खाली करून उजेड कमी-जास्त करता येतो. पण टांगायचा कशाला? छताला ड्रिल मारावे तर मालकाला दिलेला शब्द मोडतो. कसाबसा अडकवावा तर विजेचा दिवा पाण्यात पडण्याची भीती, आणि त्याच पाण्यात मुले हात घालत असतात.

चिकट हुकांचा मोह

बाजारात चिकटवण्याचे हुक मिळतात. पाकिटावर किती किलो वजन पेलेल तेही छापलेले असते. पण ते वजन गुळगुळीत, कोरड्या पृष्ठभागासाठी असते. आपल्याकडच्या चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर हुक चिकटतो तो रंगाच्या पापुद्र्याला. बेळगावचा पाऊस सुरू झाला, भिंतींना ओल आली की पापुद्र्यासकट हुक खाली येतो. म्हणून एक नियम पक्का ठेवावा. चिकट हुक वायर नीट बांधून ठेवण्यापुरता वापरावा, पाण्यावर लटकणाऱ्या दिव्याचा भार त्याच्यावर कधीही टाकू नये.

मखराची युक्ती

यावरचा उपाय आपल्या घरात दरवर्षी होत असतो. गणपतीचे मखर आठवा. चार खांब, वर आडव्या पट्ट्या आणि त्यांना सोडलेल्या दिव्यांच्या माळा. सगळा भार मखराच्या पायांवर असतो, त्यामुळे भिंतीला हात लावावा लागत नाही. फिशटँकच्या दिव्यालाही असेच मखर करावे आणि ते टाकीच्या स्टँडलाच जोडावे.

हिशेब सोपा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजनच 55 किलो. काच, वाळू आणि स्टँड वेगळे. त्यापुढे किलो-दीड किलोचा दिवा काहीच नाही. एवढ्या जड स्टँडला बांधलेली चौकट सहसा कलंडत नाही. मात्र स्टँड मुळात डुगडुगत असेल तर आधी तो बदलावा.

स्टँडच्या मागच्या दोन पायांना अर्धा इंची जीआय पाइप किंवा एक इंची चौकोनी अॅल्युमिनियमचा पाइप उभा लावावा. प्रत्येक पाइप दोन ठिकाणी, मध्ये फूटभर अंतर ठेवून, यू-क्लॅम्पने आवळावा. आत रबराची पट्टी घातली तर घसरत नाही. अडीच फुटी स्टँड आणि फूटभर उंच टाकी असेल तर पाच फुटांचा पाइप पुरतो. वर एल्बो लावून सहा-सात इंचांचा हात पुढे काढावा, म्हणजे दिवा टाकीच्या मध्यावर येतो. दोन्ही हात आडव्या पाइपने जोडावेत. फॅब्रिकेशनवाल्याकडे हे काम सहज होते. प्लॅस्टिकचा पाइप वापरू नये, तो काही दिवसांत वाकतो. चौकटीचा कोणताही भाग टाकीच्या काचेखाली घालू नये. तळ असमान झाला की काच तडकते.

दिवा बारीक स्टीलच्या तारेने टांगावा. सुतळी दमटपणात कुजते. आधी दिव्याच्या जागी दोन लिटर पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या लटकवून एक दिवस ठेवाव्यात. चार किलो वजन निमूट पेलले तर दिव्याची काळजी नाही. त्यावरही एक जादा तार चौकटीला बांधावी, म्हणजे एक तुटली तरी दुसरी धरेल.

कौलारू घर असेल तर

जुन्या कौलारू घरात तुळई हाताशी असते. पाळणा टांगायची कडी असेल तर उत्तमच. नसेल तर तुळईभोवती साखळीचा वेढा घालून खाली तार सोडावी, भोक पाडायला नको. नायलॉनची दोरी उंदीर कुरतडतात, म्हणून साखळी बरी. तुळईला वाळवी नाही ना, हे आधी ठोकून पाहावे. वरचे कौल पावसात गळत असेल तर त्याखाली दिवा नको.

विजेशी खेळ नको

दिव्याची वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर न्यावी. वायरवरून ओघळलेले पाणी झोळीच्या तळाशी ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली ठेवू नये. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. मालकाशी बोलून तो बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी टाकीची सगळी बटणे बंद, ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

दिवा पाण्यापासून आठ इंचांवर ठेवून सुरुवात करावी आणि रोज आठ तास पुरे. काचेवर हिरवे शेवाळ धरू लागले तर दिवा थोडा वर घ्यावा किंवा वेळ कमी करावा. उघड्या टाकीतून मासे उडी मारतात, तेव्हा वर बारीक जाळी हवीच. आणि इतका खटाटोप नको असेल तर टाकीच्या काठांवर पाय टेकून बसणारा दिवाही मिळतो. छोट्या टाकीला तो पुरेसा असतो.

भाड्याचे घर कधीतरी सोडावेच लागते. त्या दिवशी चार क्लॅम्प सोडले की मखर मोकळे होते आणि टाकीबरोबर पुढच्या घरी जाते. मालक खोलीत फिरून भिंती पाहतात, त्यांना भोक सापडत नाही. डिपॉझिट हातात पडतेच, शिवाय "पुन्हा या हो" असा निरोपही मिळतो.