रोज एक छायाचित्र : वाई गावाची रोजनिशी

घरोघरच्या कपाटात जुन्या फोटोंचा एखादा आल्बम असतोच. तो उघडून पाहिला तर वाटते, मागच्या पिढीतील माणसे जन्मभर एकतर मुंजीत होती, नाहीतर लग्नात, नाहीतर सत्यनारायणाच्या चौरंगापुढे. ती विहिरीवर पाणी शेंदीत नव्हती, रॉकेलच्या रांगेत उभी नव्हती, ओट्यावर बसून तांदूळ निवडीत नव्हती. याचे कारण उघड आहे. ॲग्फा क्लिक थ्री हा त्या काळी पुष्कळांच्या घरी असलेला कॅमेरा. त्यात १२० नंबरचा रोल पडे आणि त्यावर बाराच फोटो निघत. रोलचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे, छापण्याचे वेगळे. बारा फोटोंत कोण शहाणा माणूस रॉकेलची रांग टिपील? जे महाग असते ते सणावारी खर्च होते. आणि म्हणून जे रोज घडत होते, नेमके तेच मागे राहिले नाही.

आता खर्चाची अडचण उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. तरीसुद्धा आपण काढतो काय? वाढदिवसाचा केक, स्वतःचे तोंड आणि सूर्यास्त. सूर्यास्ताविषयी माझी काही तक्रार नाही, परंतु तो वाईचा की कऱ्हाडचा हे छायाचित्र पाहून कोणालाही सांगता यावयाचे नाही. गेले दीड वर्ष मी वाईचे रोज एक छायाचित्र काढून ठेवीत आहे. हा उद्योग कसा करावयाचा व कशासाठी करावयाचा, याविषयी आपल्या महाविद्यालयातील मित्रांनी पुष्कळदा विचारले, म्हणून हा लेख.

छायाचित्रणाच्या इतिहासातील एक गोष्ट प्रथम सांगतो. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता, पण चित्रात तो ओसाड दिसतो. त्या काळच्या पत्र्यावर प्रकाश काही मिनिटे पडू द्यावा लागे, त्यामुळे चालती माणसे आणि धावत्या घोडागाड्या यांचा मागमूसही उमटला नाही. उमटला तो एकच ठळक माणूस. बूट पॉलिश करून घेण्यासाठी तो एका जागी उभा राहिला होता. छायाचित्रात आलेल्या पहिल्या माणसांत याची गणना होते, आणि तो राजा नव्हता की सेनापती नव्हता.

पुढे त्याच पॅरिसमध्ये अझे नावाचा गृहस्थ (१८५७–१९२७) सुमारे तीस वर्षे जड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन हिंडला. दुकानांच्या काचा, जिने, अंगणे, फेरीवाले, चिंध्या गोळा करणारे हे त्याचे विषय. चित्रकारांना उपयोगी पडणारे कागद एवढेच तो आपल्या कामाला म्हणे. तो वारल्यानंतर बेरेनीस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्या हजारो प्रती वाचविल्या, आणि १९६८ साली त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेल्या. आम्हां लहान गावच्या लोकांना मात्र अझेपेक्षा इंग्लंडमधील फ्रँक सटक्लिफ (१८५३–१९४१) अधिक जवळचा वाटावा. व्हिटबी हे समुद्रकाठचे लहानसे गाव. उन्हाळ्यात हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढणे हा सटक्लिफचा पोटापाण्याचा धंदा. ते पाहुणे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. बंदरावरचे कोळी, जाळी सावरणाऱ्या बायका आणि धक्क्यावरची पोरे यांच्या चित्रांनी त्याचे नाव राहिले.

मराठीत हे काम शब्दांनी झालेले आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे, त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ सालचा. ही पुस्तके आपण आज वाचतो ती त्यांतील बारीकसारीक तपशिलासाठी. वाईत तर खुद्द मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या जाडजूड खंडांत जगातील सारे काही सापडेल, पण कोशाच्या कार्यालयाबाहेर चहाची टपरी कोठे होती, हे सापडणार नाही. त्यांत कोशाचा दोष नाही. ते काम दुसऱ्या कोणीतरी करावयाचे आहे.

आता वाईत काय टिपावे? बाहेरून येणारा कॅमेरेवाला प्रथम मेणवलीला जातो. नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या स्वारीतून आलेली ती घंटा यांची छायाचित्रे इतकी निघाली आहेत, आणि २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटानंतर तर इतकी, की आणखी एकाने काढले नाही तर काही अडणार नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाचेही तेच. त्या दिवसांत निरनिराळ्या घाटांवर मांडव पडतात आणि गावातल्या माणसांपेक्षा कॅमेरे जास्त होतात. मी उत्सवात जातो, पण मांडव घालणाऱ्यांच्या वेळी. किंवा उत्सव संपल्यावर मोठाली पातेली घासली जातात तेव्हा.

माझ्या कामाचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे एकच जागा, एकच वेळ. गणपती घाटावरील एक ठराविक पायरी मी धरली आहे. सकाळी साडेसातला तेथे उभे राहून समोरचा काठ आणि खालच्या पायऱ्या चौकटीत घ्यावयाच्या. एकेक छायाचित्र पाहिले तर त्यात पाहण्यासारखे काही नाही. पण जून ते ऑक्टोबरची सर्व एका ओळीत मांडली की नदी वरखाली होताना दिसते. वर धोम धरण आहे; तेथून पाणी सोडले की येथील पायऱ्या एकेक करून बुडतात. मोजपट्टीची गरज नाही, पायऱ्या हीच मोजपट्टी. १७६२ साली रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले, तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची का केली, हे पुस्तकात वाचून कळते. पण पावसाळ्यातील छायाचित्रांच्या ओळीत पुराचा लोंढा त्या निमुळत्या भिंतीवर दुभंगताना दिसतो, तेव्हा बांधणाऱ्याचे डोके दिसते.

दुसरा भाग फिरता. रोज बाजारपेठेत, आळीत किंवा एसटी स्टँडवर एखादे छायाचित्र काढावयाचे. येथे उजेडाचे थोडे सांगितले पाहिजे. आमच्या पश्चिमेस पसरणीच्या घाटाचा डोंगर आहे, त्यामुळे पंचांगातील सूर्यास्ताच्या आधीच गावातून ऊन निघून जाते. त्या वेळी सावल्या नसतात, चेहऱ्यावर मऊ उजेड असतो व दुकानांतले दिवे लागलेले असतात. माणसांसाठी याहून चांगली वेळ नाही. दुसरे असे की, फोनचा कॅमेरा सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो आणि त्याला मध्यम करड्या रंगावर आणून बसवतो. परिणामी चुन्याची पांढरी भिंत मळकी दिसते आणि काळी म्हैस राखाडी होते. पडद्यावर बोट ठेवून पांढऱ्या वस्तूला उजेड थोडा वाढवावा, काळ्या वस्तूला थोडा उतरवावा. एवढे एक जमले तरी निम्मे काम झाले.

तथापि खरी अडचण यंत्राची नाही, माणसांची आहे. पुण्यामुंबईच्या गर्दीत माणूस हरवून जातो. वाईत प्रत्येकाला कोणीतरी ओळखते. मागच्या हिवाळ्यात घाटाच्या पायरीवर दोघे जण बोलत बसलेले मला मिळाले. पाण्यावरचे ऊन, तिच्या मांडीवरचे पुस्तक, सर्व जुळून आले होते. त्या महिन्यातले सर्वांत चांगले छायाचित्र ते. मी ते ठेवले नाही. ती मुलगी कोण हे गावातील दहा माणसांनी सांगितले असते, आणि तिच्या घरी काय झाले असते ते मला सांगता येत नाही. घाटावर आंघोळ करणारे, धुणे धुणाऱ्या बायका, दहावा-तेरावा करणारे यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, असे मी ठरवून टाकले आहे. बाकी ठिकाणी विचारून काढतो. विचारले की माणूस ताठ उभा राहतो आणि चित्र बिघडते, अशी तक्रार ऐकू येते. त्याला उपाय वेळ हाच. भाजीवाल्या मावशींना पहिल्या दिवशी विचारले तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि लग्नातल्यासारख्या बसल्या. पंधराव्या दिवशी त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “काढ की, पण मधनं हो बाजूला, गिऱ्हाईक आलंय.”

बाजारातील एका बोळाच्या तोंडाशी एक कल्हईवाले बसत. भांडे कोळशावर तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, कथील टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचे. पाहता पाहता काळे पातेले चांदीसारखे होई. त्यांची माझ्याजवळ अकरा छायाचित्रे झाली. दिवाळीनंतर ते वारले. चार दिवसांनी त्यांचा मुलगा आमच्या घरी आला. भिंतीवर लावायला बापाचा फोटो नव्हता; आधार कार्डावरचा तेवढा होता, आणि तो पाहून आईने मान फिरवली होती. अकरांपैकी नवांत ते भात्यावर वाकलेले, चेहरा अर्धाच. दोनांत वर पाहत होते. त्यांतले एक मुलाने निवडले. स्टुडिओवाल्याने मागचा भाता, धूर, पातेली सारे काढून टाकले व मागे निळा पडदा घातला. माझा जीव हळहळला. पण भिंत त्यांची, माणूस त्यांचा. काही दिवसांनी नातीने मात्र निरोप पाठवला की आजोबा काम करीत असलेले सगळे फोटो हवेत, वाकलेलेसुद्धा. ती दहावीत आहे. कल्हई म्हणजे काय ते वर्गातल्या मैत्रिणींना ठाऊक नाही म्हणाली.

ठेवण्याविषयी दोन शब्द. ज्या छायाचित्रामागे काही लिहिलेले नाही ते वीस वर्षांनी मुके होते. तारीख, वेळ, जागा ही लिहावीच. पण जे डोळ्यांना दिसत नाही तेही लिहावे. मेथीची जुडी केवढ्याला होती, एसटी किती उशिरा आली, हळदीचा वास होता की गुऱ्हाळाचा. कागदावर छापलेल्या प्रतीमागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेन दाबले की पुढे वळ उठतो. फोनमधील चित्राला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे घालावेत, म्हणजे यंत्र आपोआप क्रमाने लावते. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नये. तीत चित्र आक्रसते आणि वेळेची नोंदही गळून पडते. दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी असाव्यात. माझी एक प्रत मावशीकडे साताऱ्याला आहे.

शेवटी रोज एकच का, असेही विचारतात. फोनमध्ये हजार मावतात हे खरे. पण रात्री बसून तिसांतले एक निवडावयाचे म्हटले की आज गावात काय झाले याचा विचार करावा लागतो, आणि पुष्कळदा जे सुंदर आहे ते बाजूला ठेवावे लागते. काल माझ्याजवळ नदीवरच्या धुक्याचे एक चित्र होते. ते ठेवले नाही. ठेवले ते शिंप्याच्या दुकानाचे. पत्र्यावर रंगाने लिहिलेली जुनी पाटी कारागीर खाली उतरवीत आहे, नवी फ्लेक्सची पाटी भिंतीला टेकून उभी आहे, आणि शिंपीदादा दोहोंकडे न पाहता काजे करीत आहेत.